रडारचे रंग कुणाला विचारून बदललेत?

प्रति,
ऑस्ट्रेलियाच्या ब्युरो ऑफ मिटिऑरॉलॉजीचे प्रमुख आणि अधिकारी,
राज्यांच्या अग्निशमन व आपत्कालीन सेवांचे आयुक्त,
आणि या सगळ्यांसाठी नकाशे, आलेख, डॅशबोर्ड घडवणारी मंडळी, त्यांतही विशेष करून मराठी मंडळी,



हे पत्र इंग्रजीत लिहून तुमच्या अभिप्रायाच्या रकान्यात टाकता आलं असतं. मराठीत लिहिते आहे त्याला कारण आहे. तुमचे पडदे प्रत्यक्ष घडवणाऱ्या हातांत मराठी हातही आहेत. सिडनी असो, मेलबर्न असो, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की पुढेमागे कुणीतरी पॉवर बीआय, टॅब्लो नाहीतर जीआयएसवर काम करणारं भेटतंच. माझंही पोट याच कामावर आहे. अंतिम मंजुरी वरचे लोक देतात हे खरं, पण रंगपट्टी कुठून कुठवर न्यायची, कुठला आकडा मोठा करायचा, कुठला खाली ढकलायचा, हे बहुतेक वेळा आपल्यातलंच कुणीतरी एखाद्या दुपारी ठरवतं. पुढे ते कुणी उलगडून बघत नाही. म्हणून जबाबदार म्हणताना मी सह्या करणारे आणि पडदा रचणारे, दोघांनाही धरते.

22 ऑक्टोबर 2025 रोजी ब्युरोचं नवं संकेतस्थळ सुरू झालं. जुनं बदलायलाच हवं होतं, याबद्दल माझं दुमत नाही. ते मोबाइलवर धड दिसत नव्हतं, आणि 2015 च्या सायबर घुसखोरीनंतर मागची यंत्रणा भक्कम करणंही गरजेचं होतं. पण त्या बदलाच्या ओघात पावसाच्या रडारचे रंगही बदलले. आपल्या शेताचे अक्षांश-रेखांश टाकून नेमक्या त्या जागेचा अंदाज बघण्याची शेतकऱ्यांची सोय गेली. पूर्व किनाऱ्यावर वादळांचे दिवस होते. लोकांनी सवयीने रडार उघडलं आणि ओळखीचं चित्र तिथे नव्हतं. जोरदार वादळसुद्धा नव्या रंगांत किरकोळ वाटतं, अशी तक्रार गावोगावहून आली. क्वीन्सलँडचे प्रीमियर डेव्हिड क्रिसाफुली यांनी उघड टीका केली. ऑक्टोबर संपता संपता ब्युरोने दिलगिरी व्यक्त करून रडारचे जुने रंग परत आणले. पुढे नोव्हेंबरात एकूण खर्चाचा आकडा बाहेर आला: 9 कोटी 65 लाख डॉलर. आधी लोकांसमोर होता तो 41 लाखांचा, आणि तो फक्त दर्शनी भागाच्या रचनेचा होता.

पैशांवरून जो गदारोळ व्हायचा तो झाला, आणि त्यातला मोठा हिस्सा मागच्या बांधणीवर खर्च झाला हेही मी समजू शकते. माझा प्रश्न रंगांचा आहे. ते परत आले म्हणून तो मिटत नाही. ते बदलताना ज्यांच्या डोळ्यांवर हा बदल होणार होता त्यांना कुणी, कधी आणि कसं विचारलं?

रडार कसं वाचलं जातं ते जरा जवळून बघा. नोव्हेंबरातली दुपार आहे. पश्चिमेकडे आभाळ हिरवट-काळं झालंय. मुलं शाळेत आहेत, धुणं दोरीवर आहे, गाडी उघड्यावर आहे. बाई फोनवर रडार उघडते. बाजूची रंगसूची ती वाचत नाही, ती तिने कित्येक वर्षांपूर्वी एकदाच वाचलेली असते. ती बघते की ठिगळ कुठून कुठे सरकतंय. पिवळ्याच्या आत लाल किती आहे, लालाच्या आत काळपट गाभा आहे का, तो गाभा फुगतोय की विरतोय. मागच्या काही चित्रांवरून ती वेग धरते, नकाशावरच्या अंतराच्या वर्तुळांवरून घरापर्यंतची मिनिटं मोजते आणि ठरवते: आत्ता निघायचं की अर्धा तास थांबायचं. या सगळ्याला दहा सेकंदही लागत नाहीत. हवामानशास्त्र न शिकलेली बाई या दहा सेकंदांत जे करते ते थक्क करणारं आहे, आणि तुमच्या जुन्या पडद्याने तिला ते शिकवलं होतं. ते यश तुमचंच होतं.

त्या रंगांच्या आड काय आहे तेही सांगते, कारण त्याशिवाय मी रंगांवरून एवढं का बोलतेय ते कळणार नाही. रडारकडे परत येणारा प्रतिध्वनी डेसिबल-झेड या एककात मोजतात. हा आकडा दहाने वाढला की परतलेली शक्ती दहापट झालेली असते. मार्शल आणि पामर यांचं 1948 चं सूत्र लावून त्याचा पाऊस केला, तर तासाला पडणारं पाणी साधारण चौपट भरतं. म्हणजे पट्टीवर शेजारीशेजारी बसलेल्या रंगांमध्ये बेरजेचं नातं नाही, गुणाकाराचं आहे. खालच्या टोकाला एखादी छटा चुकून वाचली तर भुरभुर आणि रिमझिम यांत गल्लत होते, छत्री घ्यायची राहते. वरच्या टोकाला तीच चूक झाली तर सर आणि गारपीट यांत गल्लत होते. 31 ऑक्टोबर 2020 ला ब्रिस्बेनच्या नैऋत्येला स्प्रिंगफील्ड परिसरात ज्या गारा पडल्या, त्यांनी छपरं फोडली. अशा दिवशी पट्टीच्या शेवटच्या दोन-तीन छटांवर सगळं अवलंबून असतं.

आता यात आपल्या विद्येतली एक जुनी गोष्ट मिसळा. 1984 मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅक्गिल या संख्याशास्त्रज्ञांनी माणसाचा डोळा आलेखातून परिमाण किती अचूक काढतो याची उतरंड मांडली आणि तिचा काही भाग प्रयोगांनी तपासला. एकाच पट्टीवरच्या जागा डोळा सर्वांत नेमक्या जोखतो. त्याखाली लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ. रंगाची गडद-फिकट छटा तळाला. आलेख काढताना आपण ही उतरंड पाळू शकतो, पाय चार्ट टाकून साधे आडवे स्तंभ घेऊ शकतो. नकाशात ती मुभा नाही, कारण कागदावरची जागा भूगोलाने आधीच अडवलेली असते. परिमाण सांगायला रंगच उरतो. सर्वांत दुबळ्या साधनावर सर्वांत घाईचे निर्णय टेकलेले असतात, आणि तरीही ते बरोबर येतात ते केवळ सवयीमुळे. वर्षानुवर्षं तोच रंग त्याच अर्थाने बघितल्यामुळे डोळा पक्का झालेला असतो. ही सवय म्हणजे पूल किंवा रस्त्यासारखी सार्वजनिक मालमत्ता आहे. ती तुमच्या संगणकात नाही, लाखो लोकांच्या डोक्यात आहे, आणि तिची किंमत कुठल्याही निविदेत धरलेली नसते.

नव्या संकेतस्थळाची चाचणी-आवृत्ती आधीपासून लोकांसाठी खुली होती, हे मला माहीत आहे. पण चाचणी-आवृत्ती कोण उघडतं? ज्याला सवड आहे तो, निरभ्र दिवशी. निरभ्र दिवशी रडारवर काही नसतंच. आपल्या धंद्यातलं हे जुनं दुखणं आहे. पडदा आपण वातानुकूलित खोलीत, मोठ्या स्क्रीनवर, नमुन्याच्या शांत आकड्यांवर पसंत करतो आणि तो वापरला जातो ओल्या हातात, तडकलेल्या काचेवर, घाबरलेल्या माणसाकडून. माझं एकच मागणं आहे आणि पुढचं सगळं त्याच्याच पोटातलं आहे: पडदा सर्वांत वाईट दिवसासाठी रचा, आणि त्या दिवशी तो ज्या डोळ्यांनी वाचला जाईल त्या डोळ्यांवर तपासा.

हे अशक्य नाही, तुमच्याच देशात ते झालेलं आहे. रस्त्याकडेचा आगीच्या धोक्याचा अर्धगोल फलक घ्या. ब्लू माउंटन्सकडे जाताना, नाहीतर व्हिक्टोरियातल्या कुठल्याही गावाच्या वेशीवर तो दिसतो. रंगीत पाकळ्या आणि एक काटा. गाडी ताशी 80 च्या वेगात असते, बघायला दोन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात काम होतं. या फलकाची वंशावळ अभ्यासण्यासारखी आहे. 1960 च्या दशकात अ‍ॅलन मॅकआर्थर या वनसंशोधकाने एकावर एक फिरणाऱ्या चकत्यांचं गणकयंत्र बनवलं. तापमान, आर्द्रता, वारा आणि रानाचा कोरडेपणा जुळवायचे की धोक्याचा अंक मिळायचा. खिशात मावणारा, विजेविना चालणारा तो डॅशबोर्डच होता. त्यातला 100 हा अंक 13 जानेवारी 1939 च्या ब्लॅक फ्रायडेच्या परिस्थितीवर बेतलेला होता. त्या आगींत 71 माणसं गेली होती. याहून वाईट ते काय असणार, असं धरून पट्टीचं टोक ठरलं.

7 फेब्रुवारी 2009 रोजी मेलबर्नला पारा 46.4 अंशांवर गेला आणि व्हिक्टोरियात अनेक ठिकाणी तो अंक 100 च्या बराच वर पोचला. त्या दिवशीच्या आगींत 173 माणसं गेली. तेव्हाच्या फलकावर सर्वांत वरची पाकळी 50 ला सुरू व्हायची आणि तिला वरची हद्दच नव्हती. म्हणजे 50 च्या दिवशी आणि 150 च्या दिवशी काटा एकाच पाकळीत. दर उन्हाळ्यात काही वेळा तिथे जाऊन आलेला काटा त्या शनिवारीही तिथेच होता. बघणाऱ्याने 'मागच्या वेळी काय झालं होतं?' असं स्वतःशी म्हटलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

त्यानंतर वर 'कॅटस्ट्रॉफिक' ही पाकळी वाढवली, व्हिक्टोरियात तिला 'कोड रेड' म्हणायचे. धोका दाखवण्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं, पण पाकळ्या सहा झाल्या. 'व्हेरी हाय', 'सिव्हिअर' आणि 'एक्स्ट्रीम' यांत माझ्या हातून नेमकं काय वेगळं व्हायला हवं, ते रस्त्यावरच्या माणसाला सांगता यायचं नाही. 1 सप्टेंबर 2022 पासून नवी राष्ट्रीय पद्धत आली आणि तिने मला या देशाबद्दल खरा आदर वाटायला लावला. मागचं गणित पूर्वीपेक्षा कितीतरी अवघड झालं, आठ प्रकारच्या वनस्पती-प्रदेशांसाठी वेगवेगळी सूत्रं आली, पण फलकावर सहाच्या जागी चारच पाकळ्या राहिल्या: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटस्ट्रॉफिक. आणि प्रत्येकीला एकेक कृती जोडली. आखणी करून तयारीत राहा. कृतीला सज्ज व्हा. जीव आणि मालमत्ता वाचवण्यासाठी आत्ता हालचाल करा. जगायचं असेल तर आगीच्या टापूतून निघून जा. ज्या दिवशी काहीच करायची गरज नाही त्या दिवसासाठी खाली एक पांढरी फट ठेवली. माहितीची मांडणी शिकवणारं कुठलंही पुस्तक याहून चांगला धडा देऊ शकणार नाही. पाकळ्यांची संख्या आकड्यांनी ठरवली नाही, माणसाला करता येण्याजोग्या वेगवेगळ्या कृतींनी ठरवली. कृती चार, म्हणून पाकळ्या चार.

त्यातही दोन गोष्टी मला खटकतात, आणि अग्निशमन सेवांनी त्या मनावर घ्याव्यात. पहिली, मॉडरेटचा हिरवा रंग. जगात कुठेही हिरव्याचा अर्थ 'जा, काही नाही' असा होतो, आणि इथे पांढरी फट असताना हिरव्या पाकळीला 'थोडी तयारी ठेवा' असं म्हणायचंय. दुसरी गंभीर आहे. आग लागल्यावर दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांची शिडी वेगळी आहे: पिवळा म्हणजे अ‍ॅडव्हाइस, नारिंगी म्हणजे वॉच अँड अ‍ॅक्ट, लाल म्हणजे इमर्जन्सी वॉर्निंग. धोक्याच्या फलकावर नारिंगी ही वरून दुसरी पाकळी, एक्स्ट्रीम. इशाऱ्यातही नारिंगी वरून दुसराच, पण त्याचा विषय निराळा, मुदत निराळी, करायचं ते निराळं. एक रंग दिवसभराच्या शक्यतेबद्दल बोलतो, दुसरा टेकडीपलीकडे प्रत्यक्ष पेटलेल्या आगीबद्दल. दोन्ही एकाच फोनवर, एकाच दुपारी दिसतात. दोन शिड्यांना एकच रंग द्यायचे असतील तर आकार तरी इतके वेगळे ठेवा की छोट्या स्क्रीनवर गफलत होणार नाही. इशाऱ्यांना त्रिकोण दिलाय, ते योग्यच आहे. तो सगळीकडे, खाजगी अ‍ॅपवाल्यांकडेसुद्धा तसाच राहील हे पाहा.

पट्टीच्या वरच्या टोकाबद्दल अजून थोडं. जानेवारी 2013 च्या उष्णतेच्या लाटेत ब्युरोने तापमानाच्या अंदाजी नकाशाची पट्टी 50 अंशांच्या पुढे 54 पर्यंत नेली आणि त्यासाठी जांभळा-गुलाबी असे नवे रंग जोडले. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. मला त्यातली कृती महत्त्वाची वाटते: खालचे रंग न हलवता वर जागा वाढवली. शिकलेली सवय तशीच ठेवून पट्टी पुढे नेता येते, हे ब्युरोने स्वतःच तेव्हा दाखवलं होतं.

पुराच्या बाबतीत मात्र वरचं टोक आजही उघडंच आहे. लिझमोर गावात विल्सन्स नदीची पातळी 9.7 मीटरवर गेली की 'मेजर' पूर सुरू होतो. गावाचा पूररोधक बांध सुमारे 10.65 मीटरचा. 28 फेब्रुवारी 2022 ला पाणी सुमारे 14.4 मीटरवर गेलं, आधीच्या सगळ्या नोंदींच्या दोन मीटर वर. माणसं माळ्यावर चढली, छपरं उचकटून बाहेर आली, शेजाऱ्यांच्या होड्यांनी त्यांना काढलं. 9.7 ला जो शब्द, जो रंग, तोच 14.4 ला. मधल्या पावणेपाच मीटरांत बांध आहे, पहिला मजला आहे, माळा आहे. सिडनीच्या वायव्येकडच्या विंडसरला हॉक्सबरी नदीचंही तसंच. 12.2 मीटरला मेजर सुरू होतो. जुलै 2022 मध्ये पाणी 13.9 ला गेलं, आणि 1867 मध्ये ते 19.7 मीटरच्या आसपास गेलेलं आहे. 2009 मध्ये आगीच्या फलकाची जी वरची पाकळी उघडी होती ती तुम्ही बंद केलीत. पुराची का नाही?

इथे मला माझ्या सांगलीचं सांगायचंय. कृष्णेवरच्या 1929 सालच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. पावसाळ्यात सांगलीत चहाच्या टपरीवरचं बोलणं या एका आकड्याभोवती फिरतं. 'आयर्विनला किती झालं?' आणि उत्तर आलं की ऐकणारा मनातल्या मनात गल्ल्या मोजतो. आता सूर्यवंशी प्लॉटात शिरलं असेल, आता दत्तनगर, आता काकानगर, अजून एवढे फूट चढलं तर आपल्या दारात. आकड्याचं घराच्या उंबऱ्याशी नातं आधीच जुळलेलं असतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचे 39 आणि 43 फूट असेच तोंडपाठ. हे कुठल्या डिझायनरने रचलेलं नाही, नदीकाठच्या लोकांनी पुरांत भिजून ते कमावलंय. त्यालाही मर्यादा आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा लोकांच्या मनातली यादी मागे पडली. ज्या गल्ल्यांत कधी पाणी शिरलं नव्हतं तिथली माणसं शेवटच्या क्षणापर्यंत निर्धास्त होती, कारण त्यांच्या उंबऱ्याचा आकडा त्यांना कुणी सांगितलेलाच नव्हता. अनुभवाची यादी अनुभवापाशी संपते. तिथून पुढची यादी देणं हे शासनाच्या नकाशाचं काम आहे.

आणि ही यादी सिडनीच्या वायव्येला, नव्या वसाहतींत आज हवी आहे. मार्सडन पार्क, स्कोफील्ड्स, बॉक्स हिल. आपल्या कितीतरी लोकांनी या बाजूला घरं घेतली आहेत. त्यांच्या पाठीशी पुराच्या आठवणींची एकही पिढी नाही. विंडसरची पातळी 13 मीटर असं फोनवर आलं तर ते मनात कुठली गल्ली मोजणार? घर घेताना वकिलाकडून कलम 10.7 चा नियोजन-दाखला आला असेल, त्यात पुराशी संबंधित बांधकाम-नियंत्रणं लागू आहेत किंवा नाहीत असं एक वाक्य असेल. ते नियमांबद्दल आहे. पाणी किती फूट, किती वेळात आणि बाहेर पडायचा रस्ता त्याआधी बुडणार का, हे त्यात नसतं.

त्यात भर 'शंभर वर्षांतून एकदा'चा पूर या शब्दांची. हे वाचून माणसाला वाटतं, नुकताच येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात. प्रत्यक्षात ती दर वर्षीची 1 टक्का शक्यता आहे, आणि यंदा पूर आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. गृहकर्ज 30 वर्षांचं असतं. त्या 30 वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता काढली तर ती जवळपास 26 टक्के भरते, म्हणजे चारातल्या एकापेक्षा थोडी जास्त. हा हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. तो तुमच्या नकाशावर, घराच्या पत्त्यासमोर छापलेला का नाही? चार घरांची चित्रं काढा, त्यातलं एक निळं करा. कुठलीही भाषा बोलणाऱ्या आजी-आजोबांना ते कळेल.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्या तुम्हाला माहीत आहेत आणि तरीही रोज मोडल्या जातात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारात एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून अर्थ नुसत्या रंगावर टेकवू नका, छटा फिकटाकडून गडदाकडे एकाच दिशेने जाऊ द्या. इंद्रधनुष्यी पट्टीत पिवळा मध्येच चमकतो आणि सर्वांत तीव्र असल्यासारखा भासतो. शास्त्रीय संगणनातल्या लोकांनी 2015 च्या सुमारास विरिडिससारख्या पट्ट्या याच कारणासाठी काढल्या. कुणी म्हणेल, मग ब्युरोचे नवे रंग कदाचित या कसोटीवर जास्त खरे उतरले असते. असतीलही. तरी माझं म्हणणं तेच: शास्त्रशुद्ध पट्टीसुद्धा लोकांच्या डोळ्यांत रुजायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणं हा कामाचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. नदीवरचं मापक पुरात बंद पडू शकतं आणि बंद पडतं तेव्हा बहुतेक सर्वांत जास्त गरज असते. अशा वेळी पडद्यावर शेवटचा आकडा तसाच दिसत राहिला तर तो खोटं बोलतो. पाणी थांबलंय असं बघणाऱ्याला वाटतं. आकडा किती जुना आहे ते आकड्याएवढ्याच ठळक अक्षरांत हवं, आणि ठरावीक वेळ उलटली की आकडा पुसून 'मापक बंद आहे, पाणी वाढतंय असं धरा' एवढंच दिसायला हवं. हे करायला एका प्रोग्रामरचा एक दिवस पुरतो. मी असे पडदे केले आहेत, म्हणून हे खात्रीने लिहिते.

मराठी मित्रमैत्रिणींनो, आता तुमच्याशी. आपल्याला काम येतं ते बहुधा असं: 'हे वीस आकडे आहेत, एक छान डॅशबोर्ड करून द्या.' आपण हुशार आहोत, झटपट आहोत, वीसच्या वीस बसवून देतो. गोल काटे, त्रिमिती स्तंभ, फिरते नकाशे. बैठकीत वाहवा होते. स्टीफन फ्यू यांनी 2006 मध्येच डॅशबोर्डवर पुस्तक लिहून सांगितलं होतं की एका नजरेत, एका पडद्यावर, ठरलेल्या कामापुरतं तेवढंच दाखवायचं. आपण ते वाचलेलं असतं. पण 'यातले सतरा काढून टाकूया' हे म्हणायला आपण कचरतो. व्हिसाची चिंता असते, करार संपत आलेला असतो, उच्चारावरून कुणी हसेल असं वाटतं. मला ते सगळं ठाऊक आहे. तरीही पुढच्या बैठकीत एवढे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून मागा: हा पडदा कोण बघणार, कोणत्या घडीला बघणार, आणि बघून लगेच काय करणार? तिसऱ्याचं उत्तर ज्या आकड्याबद्दल मिळत नाही तो आकडा आतल्या पानावर जाऊ दे. आणि नमुना दाखवताना शांत दिवसाचे आकडे भरू नका. लिझमोरची 28 फेब्रुवारी भरा, 7 फेब्रुवारी 2009 भरा. पट्टी फुटते का ते तिथेच कळेल.

आणि खात्यांच्या प्रमुखांनो, तुमच्याकडून मला चार गोष्टी लेखी हव्या आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये आगीचा वैधानिक हंगाम 1 ऑक्टोबरला सुरू होऊन 31 मार्चला संपतो. चक्रीवादळांचा हंगाम 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल. विंडसरचा सर्वांत अलीकडचा मोठा पूर जुलैत आला. म्हणजे बदलासाठी निर्धोक असा महिना वर्षात नाहीच. म्हणून कुठल्याही इशाऱ्याचे, रडारचे किंवा धोक्याचे रंग बदलायचे झाले तर जुनं आणि नवं पूर्ण एक वर्ष शेजारीशेजारी चालू ठेवा, आणि कुठलं बघायचं ते बघणाऱ्याला ठरवू द्या. बदलाची चाचणी खऱ्या वादळांच्या साठवलेल्या चित्रांवर घ्या, शेतकरी, कोळी, ट्रकचालक आणि इंग्रजी दुसरी भाषा असलेले लोक बोलावून घ्या, आणि किती जणांनी धोका कमी लेखला तो आकडा, तो तुमच्या विरुद्ध जात असला तरी, प्रसिद्ध करा. पुराच्या 'मेजर'ला वर निदान एक पायरी द्या, जिच्यासोबत 'निघा' असं स्पष्ट लिहिलेलं असेल. आणि प्रत्येक रंगपट्टीखाली ती कोणत्या तारखेपासून लागू आहे आणि कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याने मंजूर केली ते छापा. औषधाच्या बाटलीवर बॅच क्रमांक असतो, बांधकामाच्या नकाशावर अभियंत्याची सही असते. ज्या रंगाकडे बघून लोक घर सोडायचं की नाही ते ठरवतात, त्याला अजून कुणाचीच सही नाही.

22 ऑक्टोबरच्या रडार-रंगांना मंजुरी कोणत्या पदाने दिली, आणि त्याआधी ते किती लोकांना वादळाच्या चित्रांवर दाखवले गेले होते, एवढ्यापासून उत्तराला सुरुवात केलीत तरी चालेल. उत्तर इंग्रजीत असलं तरी मी त्याचं मराठी करून मंडळाच्या सूचनाफलकावर लावीन.

आपली,
सांगलीहून सिडनीला आलेली एक डॅशबोर्ड घडवणारी